वायंडिंग खात्यातली सुंद्राक्का

नव्या माणसाला सुंद्राक्का आधी नाव विचारत नसे. पाण्याचं विचारायच्याही आधी ती गाव विचारी. "कुटल्या गावची गं तू?" हे ती हसत विचारी, पण उत्तर येईपर्यंत तिचे डोळे हसत नसत. समोरची बाई बार्शीकडची निघाली, की ती पदर सैल सोडून गप्पांना बसे. सीना नदीच्या काठचं एखादं गाव निघालं, तर "आसं व्हय" म्हणून तोंड फिरवी, आणि त्या दिवशी पुन्हा तिचा आवाज कोणाला ऐकू येत नसे.

मला तिनं हे गिरणीच्या दारातच विचारलं. मी म्हटलं, "सावंतवाडीकडची. समुद्र जवळ आहे आमच्या गावाला."

"समुद्र?" ती म्हणाली. "म्हंजी लई लांब की." आणि तिनं आपल्या शेजारची जागा हातानं झाडून मला बसायला दिली. माझं गाव लांब आहे या एकाच गुणावर मला सोलापुरात आसरा मिळाला, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

मी कशी आले ते थोडक्यात सांगते. शाळा तिसरीत सुटली, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात कोणी नव्हतं. पुढे लग्न झालं. मी अंगानं थोराड, नवऱ्याहून उंच, आवाज लहानपणापासून घोगरा, आणि ओठावर बारीक लव. मूल झालं नाही. सासरे ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "सून आणूक गेलो आणि गडी घेऊन इलो." लोक हसत. मी आत भाकऱ्या थापत ऐकत असे. शेवटी नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं, आणि माहेरच्यांनी सोलापूरच्या गिरणीत असलेल्या एका लांबच्या मामाकडे पाठवलं. मी आले आणि मामाला दुसऱ्या गावी नोकरी लागली. तो गेला, मी राहिले. शहरात तीस सालचा मार्शल लॉ येऊन गेल्याला फार काळ लोटला नव्हता. लोक पोलीस दिसला की अजून दार लोटून घेत. मला तर पोलीस नसतानाही भीती वाटे. कडी लागली की नाही हे मी उठून उठून बघे.

सुंद्राक्का शुक्रवार पेठेत एका खोलीत एकटीच राहत होती. "हितंच ये की. दोगी राहू," ती म्हणाली. मी बोचकं घेऊन गेले.

आमच्या खात्यात सगळ्या बायाच. चात्यांवरचं सूत मोठ्या रिळांवर गुंडाळायचं, तुटलं की गाठ मारायची, आणि पुन्हा चालू. दिवसभर कापसाचा भुरा नाकातोंडात. सुंद्राक्काची बोटं बारीक आणि चलाख. गाठ मारलेली जागा शोधून सापडत नसे. माझा हात मात्र भीतीनं अडे. मुकादम आला, हात थांबला. बाहेर कोणी मोठ्यानं बोललं, हात थांबला. तेव्हा ती माझ्याकडे न बघताच म्हणे, "भ्यायाचं तर भी गं द्वारके, पन हात चालू ठिवून भी." हे तिचं नेहमीचं वाक्य. भिऊ नकोस असं ती कधी म्हणाली नाही. तिला ठाऊक असावं की ते आपल्या हातात नसतं.

आमची नायकीण भागूबाई. म्हणजे बायांवरची मुकादमच, तोंडाची फटकळ. कोणी पोरगी पदर खांद्यावर टाकून पाय पसरून बसली, की भागूबाई ओरडे, "ए भवाने, सुंद्रीकडं बग जरा. बाईनं कसं आसावं शीक तिच्याकडनं." आणि खरंच, चालणं, बसणं, कुंकवाची चिरी, सगळं असं नेटकं, की मी तिच्या शेजारी बसले तर मलाच माझे हातपाय कुठे ठेवू असं होई.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी तिनं मला भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. "आदी जेव. मग एक सांगते. जेवल्यावर मानूस जरा शान्यासारकं ऐकतं." मी जेवले. तिनं भांडी बाजूला सारली आणि दार उघडंच ठेवून त्याच्यापासून लांब बसली. माझ्या आणि दाराच्या मध्ये तिनं काहीच ठेवलं नाही.

"मी आयच्या पोटी ल्योक म्हनून जल्मले," ती म्हणाली. "गावात मला ल्योकच म्हनत्यात. आंग बी तसंच हाय. पन मी न्हाय ती. मी ही हाय. तुला ऱ्हायाचं तर ऱ्हा, जायाचं तर जा. फकस्त कुनाला बोलू नगं."

मला काय वाटलं ते खरं लिहायचं तर भीती वाटली. मी बोचक्यावर हात ठेवून उंबऱ्याजवळ जाऊन बसले. तिनं अडवलं नाही, मनधरणी केली नाही. तांदूळ निवडत बसली. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "पण हे तुला कधी कळलं?"

"तुला कवा कळलं, तू बाई हायस म्हनून?"

"त्यात कळायचं काय?"

"तेच की," ती म्हणाली. "त्यात कळायचं काय."

  संध्याकाळी मी बोचकं पुन्हा खुंटीला अडकवलं. मोठेपणानं नव्हे. मला जायला दुसरं ठिकाण नव्हतं, आणि तिनं मला जेवू घातलं होतं. समज नंतर आली, हळूहळू, एका खोलीत राहून. चूल फुंकताना, केसांत तेल घालताना, राखेच्या चिमटीनं हनुवटीवरचे केस उपटताना डोळ्यांत आलेलं पाणी पुसताना मी तिला रोज बघत होते. सोंग घेणारा माणूस कधीतरी सोंग उतरवून सैल बसतो. ती घरात, दार लावून, फक्त माझ्यासमोर असतानाही तशीच असे. उलट घरातच ती जास्त ती असे.

वडिलांना ती आबा म्हणे. त्यांच्याबद्दल तिनं कधी वावगा शब्द काढला नाही. एकदा लहानपणी गोठ्यात तिनं आईचं कुंकू लावून घेतलं होतं. आबा आले. त्यांनी मारलं नाही. तिला हौदापाशी नेऊन स्वतःच्या हातानं तिचं तोंड धुतलं आणि "पुन्ना नगं" एवढंच म्हणाले. "मारलं आसतं तर चिडले तरी आसते," ती म्हणे. "त्येंनी धुतलं. लई हळू धुतलं." पुढे तिचं लग्न ठरवलं. नवरा मुलगा म्हणून हळद लागायच्या आधी तिनं घर सोडलं. "एका पोरीचं वाटुळं कशाला करू? तिला न्हवरा पायजे व्हता. मी कुटनं आनू?"

आमच्या गल्लीत यल्लम्माच्या जोगत्यांचा मेळा कधीमधी येई. चौंडकं वाजवत, देवीचा जग, म्हणजे टोपलीत बसवलेला मुखवटा, डोक्यावर घेऊन. त्यांच्यात पुरुषाच्या जन्माचे पण लुगडं नेसणारे जोगतेही असत. लोक त्यांना भीत आणि पायाही पडत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या जोगत्यानं सुंद्राक्काला पाहिल्याबरोबर ओळखलं. परडीत जोंधळे घालताना तिचा हात धरून म्हणाला, "चल की आमच्यासंगं. देवीनं धरलंय म्हन. मग ह्या लुगड्याला कुनी बोट लावनार न्हाय." तिनं त्याला वाकून नमस्कार केला आणि मान हलवली. नंतर मी म्हटलं, "जायचं होतं. सुखी झाली असतीस." ती म्हणाली, "त्येंला देवीनं बोलावलं, ती गेली. मला कुनी बोलावलं न्हाय. मी आपली हाय तशी हाय. देवीचं नाव उगा कशाला घालू मदी?"

अशी आमची वर्षं चालली होती. मग खात्यात एक पोरगी नवी लागली, आणि ती सीनाकाठची निघाली. सुंद्राक्कानं गाव विचारलं आणि ती गप्प झाली. पण पोरगी बोलकी. सणाला गावी गेली तेव्हा तिनं कोणाला तरी सांगितलं, की आमच्या खात्यात एक बाई आहे, बोलते आपल्या नदीकडचं, पण गाव सांगत नाही. एवढंच. घर सोडून गेलेला आबांचा ल्योक शहरात कुठंतरी लुगडं नेसून राहतो, अशी कुजबुज त्या गावात होतीच; तेवढं पुरलं.

दुपारच्या सुट्टीत आम्ही गिरणीच्या दाराबाहेर लिंबाखाली भाकरीची फडकी सोडून बसलो होतो. तीन माणसं आली. पुढच्याचं डोकं नुकतंच तासलेलं, खांद्यावर पंचा. माझ्या शेजारी सुंद्राक्काचा घास हातातच राहिला. तिनं पदर पुढे ओढला आणि झाडाकडे तोंड केलं. तो तिचा चुलतभाऊ दाजीबा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यानं तिला मिसरूड फुटायच्या वयात पाहिलेलं. आता ओळखणार कशावरून? बाईच्या वेशातला पुरुष कसा दिसत असेल, याचं एक चित्र तो मनात घेऊन आला होता. तो एकेक तोंड बघत आला आणि माझ्यासमोर थांबला.

त्यानं एक नाव घेतलं. ते इथे लिहीत नाही. तिनं माझ्याजवळ ते कधी उच्चारलं नव्हतं.

"ऊठ," तो म्हणाला आणि माझं मनगट धरलं.

"मी नाही. मी द्वारका. मला सोडा," मी म्हटलं.

"आवाज ऐका," तो मागच्या दोघांना म्हणाला. "लुगडं नेसून आवाज लपतोय व्हय?"

मी ओढाओढ केली तसा डोक्यावरचा पदर गेला. भागूबाई उठली. "ए बाबा, सोड तिला. बाई हाय ती."

"कशावरनं?" दाजीबानं विचारलं.

भागूबाईनं तोंड उघडलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत. माझे खांदे, माझे हात, ओठावरची लव. तिनं तोंड मिटून घेतलं. इतक्या बाया बसल्या होत्या, माझ्याबरोबर रोज पाणी प्यालेल्या. कोणी बोललं नाही. मी म्हणाले, "मी बाई आहे हो," आणि माझं मलाच ते खोटं वाटलं. अख्ख्या जन्मात असं नागवं मला कधी वाटलं नव्हतं, अंगावर सगळं लुगडं असून. मी काय आहे हे मला ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्याला तिथे काडीचीही किंमत नव्हती. ठरवायचं ते त्यानं ठरवलं होतं.

सुंद्राक्कानं गप्प बसायचं होतं, बस्स. भोंगा होताच बायांच्या घोळक्यात आत गेली असती, तर दाजीबा मलाच गाडीत घालून घेऊन गेला असता. निदान त्यांच्या गावापर्यंत. तिनं भाकरी फडक्यात बांधली. उठली. पदर मागे घेतला.

"दाजी," ती म्हणाली, "सोड तिला. मी हितं हाय."

त्यानं माझा हात सोडला. तो तिच्याकडे बघतच राहिला. मला वाटतं, ती त्याला इतकी साधी आणि नीट दिसेल असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याचा राग कुठे ठेवावा हे त्याला कळेना. मग एकदम त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडायला लागला. "आबा गेला रं," तो म्हणाला. "आगीन म्या दिला. पन चुलती म्हनती, दहाव्याला माज्या ल्योकाच्या हातनं पिंड पडू दे. परवा दहावा हाय."

ती जाग्यावर बसली. मग म्हणाली, "येते."

"आसल्या येशात?"

"मग कसल्या येशात येऊ?"

"त्ये गावात बघू," तो म्हणाला. "न्हावी हाय तितं."

बाया उठून लांब झाल्या होत्या. जिनं रोज तिच्या ताटातलं लोणचं उचललं, तिनं आपलं ताट पदरानं पुसलं. भागूबाईकडे सगळ्या बघत होत्या. तिनं घसा खाकरला. "जा तू," ती सुंद्राक्काला म्हणाली. "बापाचं कर आदी. बाकीचं मागनं." तिच्या आवाजात राग होता की काय होतं, मला सांगता येणार नाही. मीही उठले. "तू कुठं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तिच्याबरोबर." मी भित्री बाई, पण तीन पुरुषांबरोबर तिला एकटीला गाडीत बसवून मला मागे राहवलं नसतं. मनगटावर त्याची बोटं उमटली होती. त्या जागी ती काय सोसत आली आहे, ते मला अर्ध्या घटकेत कळलं होतं.

गाडीत ती माझ्याजवळ सरकून बसली. मग म्हणाली, "आबांचं करायचं हाय मला. मनापासनं करायचं हाय. पन डोकं भादरून, धोतर नेसून केलं, तर ते म्या केलंच न्हाय की. दुसऱ्याच कुनी केलं."

गावात दाजीबानं तिला घरी नेलं नाही. केस उतरल्याशिवाय चुलतीसमोर उभी करणार नाही म्हणाला. आम्हाला त्याच्या वडिलांच्या, नानांच्या, गोठ्यालगतच्या पडवीत ठेवलं. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ. त्यांनी आम्हाला भाकरी पाठवली. स्वतः आले नाहीत.

दहाव्याला सगळे सीनेच्या वाळूत जमले. बाया लांब, चढावर. मीही तिथे. खाली भटजी, भाऊबंद, सगळ्यांची डोकी चकचकीत, आणि न्हावी धोकटी उघडून बसलेला. सुंद्राक्कानं नदीत अंघोळ केली, ओल्या लुगड्यानं भात शिजवला, पिंड केला आणि मांडला. भटजीनं सगळं सांगितलं तसं तिनं केलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण अडवलंही नाही. मग सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघू लागले.

बाभळीवर कावळे होते. कोणी उतरेना.

"आबा, म्हातारीला मी सांबाळतो," दाजीबा हात जोडून म्हणाला. कावळे हलले नाहीत. "तुमचा ढवळ्या बैल इकनार न्हाई," दुसरा कोणी म्हणाला. काही नाही. ऊन चढलं. पोरंटोरं भुकेनं कुरकुरू लागली. भटजी सावलीकडे बघू लागले. मग जे सगळ्यांच्या मनात होतं ते एकजण बोलला, "कसा शिवंल? ल्योक लुगड्यात बसलाय."

न्हाव्यानं वस्तरा पाण्यात बुडवला.

तेव्हा नाना उठले. काठी टेकत तिच्याजवळ गेले आणि हळू म्हणाले. पण तिथे इतकी शांतता होती की मला चढावर ऐकू आलं. "बाळ, ऐक माजं. म्हन की देवीनं धरलंय. केस देवीचं हायती म्हन. जोगत्याच्या केसाला कोन हात लावतोय? मी न्हाव्याला माघारी धाडतो. तुजं बी ऱ्हाईल, गावाचं बी ऱ्हाईल."

सगळ्यांची तोंडं सैल झाली. हे सगळ्यांना चाललं असतं. दाजीबालाही. माझ्या शेजारच्या एका बाईनं तर तिथूनच हात जोडले. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण गं. एक शब्द म्हण. कोणाचं काय जातं?

ती नानांच्या पायाशी वाकली. "नाना, तुमचं लई उपकार," ती म्हणाली. "देवीनं धरलं आसतं तर बरं झालं आसतं. पन तिनं मला कवा धरलं न्हाय. आबा हितं आसतील तर त्येंच्या म्होरं खोटं नगं. म्या त्येंची लेक हाय. तेवडंच हाय."

नाना खाली बसले. दाजीबा पुढे धावला आणि त्यानं तिचे ओले केस मुठीत धरले. "बसीव रं वस्तरा," तो न्हाव्याला म्हणाला. न्हावी कचरला. "मान हालती हाय," तो म्हणाला. "जबरदस्तीनं म्या न्हाय करत. कापलं तर मला कोन सोडंल?" तिनं ओरड केली नाही. दोन्ही हातांनी केसांची मुळं घट्ट धरून ती वाळूत बसून राहिली.

मी चढ कसा उतरले मला आठवत नाही. बाईनं खाली यायचं नसतं हे आठवत होतं, एवढं आठवतं. देवानं मला गड्याचे हात दिले होते, ते तिथे कामी आले. दाजीबाची मूठ मी बोट-बोट करून उलगडू लागले. "आता ही कोन आनिक?" कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "ही बाई हाय का त्यो बी गडीच?" कोणी मला ओढू लागलं, कोणी दाजीबाला. सगळे एकदम बोलत होते.

"अहो, शिवला," भटजी म्हणाले.

कोणी ऐकलं नाही.

"शिवला म्हणतो ना. तो बघा, चाललाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. पिंडाची एक बाजू फुटलेली, शितं वाळूत सांडलेली, आणि एक कावळा चोचीत भात घेऊन नदीपलीकडे निघालेला. तो कधी उतरला, कोणत्या शब्दाला उतरला, एकानंही पाहिलं नव्हतं. सगळे माझ्याकडे आणि दाजीबाकडे बघत होते.

 मग दाजीबा म्हणाला, "म्हातारीला सांबाळतो म्हनलं न्हवं का मी? त्येला शिवला." "त्ये कवाचं. बैलाचं म्हनल्यावर शिवला," बैलवाला म्हणाला. वाद सुरू झाला. सुंद्राक्का केस पाठीवर सोडून तशीच बसली होती. सांडलेल्या शितांकडे बघत ती म्हणाली, "जेवलं न्हवं? बास झालं."

न्हाव्यानं वस्तरा पुसून धोकटीत घातला. "आता शिवल्यावर केस कशाला काडायचं?" तो कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाला. भटजी तर केव्हाच उठले होते. दाजीबानं हाताकडे पाहिलं. बोटांत चार केस होते. ते त्यानं पाण्यात झटकले.

पण खरी भीती पुढेच होती, आणि ती तिला सगळ्यांहून जास्त वाटत होती. घर जवळ आलं तशी तिची चाल मंद झाली. आईनं लेक नव्हे, ल्योक मागितला होता. उंबऱ्याशी ती थांबली. आत कोपऱ्यात म्हातारी बसली होती, कपाळ मोकळं, हात मोकळे, भोवती बाया. तिनं मान वर केली. बघत राहिली. 

"म्हागं फिर," म्हातारी म्हणाली.

सुंद्राक्काचं तोंड पांढरं पडलं. जा म्हणतेय असं तिला वाटलं, मलाही वाटलं. ती फिरली आणि पायरी उतरू लागली.

"जातीस कुटं? नुस्ती म्हागं फिर म्हनलं. बगू दे."

ती पाठमोरी उभी राहिली. म्हातारी जमिनीला हात टेकून उठली. नव्या विधवेनं कोपरा सोडायचा नसतो म्हणून बाया तिला धरू लागल्या. तिनं त्यांचे हात झटकले. उंबऱ्यापर्यंत आली, आणि सुंद्राक्काच्या लुगड्याचा मागचा काष्टा हातात धरला.

"ह्ये कुनी शिकीवलं नेसाया?"

"कुनी न्हाय. बगून बगून."

"दिसतंयच. गिरनीतल्या बायांचं हाय ह्ये. आपल्यात आसं नेसत न्हाईत." तिनं काष्टा सोडला, निऱ्या झटकल्या, पुन्हा घातल्या, खालून घेऊन मागे घट्ट खोचल्या. तिचे हात ओळखीनं चालत होते. "चालताना सुटायचं न्हाय आता," ती म्हणाली. मग बायांना, "तिला कोरडं लुगडं द्या कुनीतरी. ओलीच हिंडतीया."

एका बाईनं दिलं. मी पडवीत जाऊन रडले. सुंद्राक्का रडली की नाही मी पाहिलं नाही.

तेराव्यापर्यंत मी राहिले. दाजीबा तिच्याशी बोलत नसे, पण तिनं ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलत असे. गावात लोक काय म्हणत ते मी ऐकत होते, आणि ते लिहिण्यासारखं नाही. ती तिथे राहील असं मला वाटलं नव्हतं. पण म्हातारीला दिसत कमी होतं, आणि निघायच्या आदल्या दिवशी तिनं नुसतं म्हटलं, "आता त्या जात्याला माजा हात पुरत न्हाय." सुंद्राक्कानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की खोलीतली भांडी तुझी. मी विचारलं, "इथे राहायला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटती की."

गिरणीत परत गेले तेव्हा भागूबाईनं मला काही विचारलं नाही. दुपारी मात्र आपल्या शेजारी बसवलं आणि बराच वेळ भाकरी मोडत राहून म्हणाली, "त्या दिवशी मला बोलाया पायजे व्हतं."  पुढे मी त्याच गिरणीत म्हातारी झाले. मला कोणी गडी म्हटलं की आता लागत नाही. आणि दुसऱ्या कोणाला कोणी काही म्हटलं, की मात्र मी हातातलं काम ठेवून बघते.

तिला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आमची शेवटची भेट मी सोलापूरला निघाले त्या सकाळची. बैलगाडी अंगणात उभी होती. ती मला गाडीपर्यंत सोडायला आली.  "तिकडं गेल्यावर," असं तिनं सुरू केलं, आणि तेवढ्यात घरातून म्हातारीची हाक आली, "सुंदरे, आगं चुलीवरचं उतू चाललंय. कुटं उलथलीस?"

"आले गं आय," ती म्हणाली, आणि पदर खोचत आत पळाली. वाक्य पुरं करायला ती परत आली नाही. गाडीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चला."